पाहुणे वक्ते डॉ. किंग



१९४९ सालच्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात, चेस्टर गावच्या क्रोझर सेमिनरीत एक पाहुणे वक्ते आले होते. रेव्ह. ए. जे. मस्टी हे त्यांचे नाव. वय चौसष्ट. पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून त्यांना आपल्या मंडळीचे पाळकपद सोडावे लागले होते. पुढे कामगारांच्या लढ्यांत शिरून ते मार्क्सवादाकडे झुकले, विश्वासापासून दुरावले, आणि १९३६ साली पॅरिसच्या एका चर्चमध्ये सहज जाऊन बसले असता पुन्हा ख्रिस्ताकडे वळले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जेव्हा भलेभले शांतिवादी डगमगले, तेव्हाही त्यांनी आपली भूमिका सोडली नाही. ख्रिस्ताच्या शिष्याने कोणत्याही कारणास्तव युद्धात भाग घेऊ नये, हेच सांगण्यासाठी ते सेमिनरीत आले होते.

आम्ही सेमिनरीत शिकत असताना बाहेरचे वक्ते येत, तेव्हा मागच्या बाकावर बसून चहाची वाट पाहणाऱ्यांत मीही होतो, हे येथे कबूल करतो. क्रोझरमधील त्या दिवशीच्या श्रोत्यांत मात्र वीस वर्षांचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी असा होता की, वक्त्याचे बोलणे त्याच्या मनाला झोंबले. तो अस्वस्थ झाला, वाद घालू लागला. हिटलरचा पराभव होऊन जेमतेम चार वर्षे झाली होती. अशा जुलमी सत्तेपुढे युद्ध हे वाईट असले, तरी अधिक मोठे वाईट टाळण्याचा तो एक मार्ग असू शकतो, असे त्याचे मत होते. मस्टींच्या प्रामाणिकपणाने तो हलला, पण त्यांचे म्हणणे व्यवहारात उतरेल हे त्याला पटले नाही. व्याख्यान संपले, पाहुणे निघून गेले.

त्या विद्यार्थ्याचे नाव मार्टिन ल्यूथर किंग.

डॉ. किंग आपणांस ठाऊक आहेत ते मुख्यतः १९६३ सालच्या वॉशिंग्टनच्या मोर्चामुळे. आपल्या शाळांच्या पुस्तकांत, तरुण संघांच्या सभांत, उपदेशांतील दाखल्यांत तेच भाषण पुन्हा पुन्हा येते. त्यात वावगे काही नाही. परंतु त्या भाषणानंतर ते साडेचार वर्षे जगले, आणि त्यातील शेवटची तीन वर्षे एका वेगळ्याच प्रश्नाशी झुंजण्यात गेली. तो प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला विद्यापीठांच्या आवारातील तरुणांनी. त्याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही, म्हणून हा लेख.

त्यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ रोजी जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात झाला. वडील एबेनेझर बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक होते, आणि त्यांच्याआधी आईचे वडील त्याच मंडळीचे पाळक होते. पंधराव्या वर्षी ते मोरहाउस कॉलेजात दाखल झाले. तेथील अध्यक्ष डॉ. बेंजामिन मेज दर मंगळवारी सकाळी कॉलेजच्या चॅपेलमध्ये विद्यार्थ्यांशी बोलत. हे डॉ. मेज म्हैसूर येथील वाय. एम. सी. ए. च्या जागतिक परिषदेसाठी भारतात आले असता १९३६ च्या अखेरीस वर्ध्याला जाऊन महात्मा गांधींना भेटले होते. वर्ध्यात ऐकलेले विचार अटलांटाच्या चॅपेलमधील मुलांपर्यंत असे पोहोचले. किंग यांनी मेज यांना पुढे आयुष्यभर गुरुस्थानी मानले.

क्रोझरमध्ये असतानाच, मस्टींच्या व्याख्यानानंतर काही महिन्यांनी, ते जवळच्या फिलाडेल्फिया शहरात आणखी एका पाहुण्या वक्त्यास ऐकावयास गेले. हॉवर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष डॉ. मॉर्डेकाय जॉन्सन नुकतेच भारतातून परतले होते आणि गांधीजींच्या सत्याग्रहावर बोलणार होते. या वेळी किंग व्याख्यान संपताच बाहेर पडले, ते थेट पुस्तकांच्या दुकानात. गांधीजींवरील अर्धा डझन पुस्तके त्यांनी विकत घेतली. मस्टींनी जी अढी मनात निर्माण केली होती, ती जॉन्सन यांनी थोडी सैल केली असे म्हणता येईल. देशांतर्गत अन्यायाशी झगडण्यास अहिंसा उपयोगी पडेल, इतपत त्यांना आता वाटू लागले. परंतु राष्ट्राराष्ट्रांतील युद्धाचे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

पुढचा भाग आपल्या परिचयाचा आहे, म्हणून वेगाने सांगतो. १९५३ साली कोरेटा स्कॉट यांच्याशी विवाह, १९५४ साली माँटगोमेरीच्या डेक्स्टर अव्हेन्यू मंडळीत पाळकपद, १९५५ साली बॉस्टन विद्यापीठाची डॉक्टरेट, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून ३८१ दिवस चाललेला माँटगोमेरीचा बस-बहिष्कार. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी या पाळकाचे नाव सर्व देशात झाले.

१९५९ च्या फेब्रुवारीत ते व कोरेटाबाई भारतात आले. महिनाभर ते देशभर फिरले. मुंबईत त्यांचा मुक्काम मणिभवनात होता. आचार्य विनोबा भावे यांच्याशीही त्यांची भेट झाली. येथून निघताना त्यांनी केलेले निवेदन आज किती जणांच्या लक्षात असेल? जगाने शस्त्रे खाली ठेवावीत, आणि दुसरे कोणी तयार नसेल तर भारताने एकट्यानेच पुढे व्हावे, असे त्यांनी सुचवले. आपल्या राज्यकर्त्यांना ते मानवले नाही, आणि मला वाटते आपल्या मंडळ्यांनाही मानवले नसते. परंतु दहा वर्षांपूर्वी मस्टींशी वाद घालणारा विद्यार्थी आता कोठवर आला होता, हे त्यावरून दिसते.

येथे आपण क्षणभर डॉ. किंग यांना सोडून विद्यार्थ्यांकडे वळू या. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहाच्या टेबलाशी जाऊन बसले व उठावयास नकार दिला. दोन महिन्यांत हे लोण दक्षिणेतील असंख्य गावांत पसरले. एप्रिलमध्ये रॅले येथील शॉ विद्यापीठात विद्यार्थ्यांची परिषद भरली आणि त्यांची स्वतंत्र संघटना उभी राहिली. डॉ. किंग त्या परिषदेत वक्ते होते. विद्यार्थी त्यांना मान देत, पण त्यांच्या संस्थेची शाखा होण्यास तयार नव्हते. १९६४ च्या उन्हाळ्यात याच संघटनेच्या हाकेला उत्तर देऊन उत्तरेकडील विद्यापीठांतील शेकडो गोरे विद्यार्थी मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांची मतदार-नोंदणी करावयास गेले. त्यांतील काही जण त्या शरद ऋतूत कॅलिफोर्नियात बर्कली येथे परतले, तेव्हा विद्यापीठाने आवारात राजकीय पत्रके वाटण्यास व निधी गोळा करण्यास बंदी केली असल्याचे त्यांना आढळले. मिसिसिपीत तुरुंगाची भीती गेलेली ही मुले गप्प कशी बसणार? स्प्राउल हॉलसमोरच्या पटांगणात त्यांनी जे आंदोलन केले, त्याने विद्यापीठाला नमते घ्यावे लागले. तात्पर्य, पुढे युद्धाविरुद्ध जी मुले उभी राहिली, त्यांतील कित्येकांनी प्रतिकाराचे धडे डॉ. किंग यांच्याच चळवळीत गिरवले होते.

बाहेरचा वक्ता म्हणजे काय, याची त्या काळातील सत्ताधाऱ्यांना किती धास्ती होती, याचे एक उदाहरण देतो. नॉर्थ कॅरोलायना राज्याने १९६३ साली असा कायदाच केला की, कम्युनिस्ट व तत्सम ठरवलेल्या व्यक्तींना सरकारी विद्यापीठांच्या आवारात बोलू देऊ नये. १९६६ च्या मार्चमध्ये चॅपल हिल येथील विद्यार्थ्यांनी हर्बर्ट ॲप्थेकर या इतिहासकारास बोलावले. त्यांना आत येऊ दिले नाही. विद्यापीठाची हद्द दाखवणारी एक बुटकी दगडी भिंत आहे. वक्ते भिंतीबाहेर पदपथावर उभे राहिले, विद्यार्थी भिंतीच्या आत, आणि भाषण झाले! १९६८ साली न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला.

आता युद्धाकडे येऊ. १९६५ च्या मार्च महिन्यात अमेरिकेने उत्तर व्हिएतनामवर सातत्याने बॉम्बहल्ले सुरू केले व दक्षिणेत लढाऊ सैन्य उतरवले. सैन्यासाठी तरुणांची सक्तीची भरती चाले. कॉलेजात शिकणाऱ्यास शिक्षण पुरे होईपर्यंत भरतीतून सवलत मिळे, त्यामुळे ज्याला कॉलेजचा खर्च झेपत नव्हता तो गरीब मुलगा, मग तो गोरा असो वा काळा, आधी उचलला जाई. ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनाला खुपत होती. आपण सुरक्षित आहोत ते दुसऱ्याच्या जिवावर, ही ती टोचणी.

२४ मार्चच्या रात्री मिशिगन विद्यापीठात प्राध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी मिळून एक नवाच प्रयोग केला. वर्ग बंद पाडण्याऐवजी रात्रभर वर्ग भरवायचे, आणि विषय एकच, व्हिएतनाम. सुमारे तीन हजार लोक त्या थंडीत रात्रभर बसले. व्याख्याने झाली, प्रश्नोत्तरे झाली, विरोधकही बोलले. पहाट झाली तो दिवस २५ मार्च, आणि त्याच दिवशी अलाबामात सेल्मापासून चालत निघालेला डॉ. किंग यांचा मोर्चा माँटगोमेरीत पोहोचत होता. दोन प्रवाह एकाच दिवशी वाहत होते, पण अजून त्यांचा संगम झाला नव्हता.

डॉ. किंग गप्प होते असे मात्र नाही. २ मार्च १९६५ रोजी, म्हणजे बॉम्बहल्ल्यांचे सत्र सुरू झाले त्याच दिवशी, त्यांनी हॉवर्ड विद्यापीठात बोलताना या युद्धातून काही साध्य होणार नाही, वाटाघाटी कराव्यात, असे सांगितले होते. उन्हाळ्यात ते आणखी स्पष्ट बोलू लागले. लगेच चोहोबाजूंनी त्यांना आवरण्याचे प्रयत्न झाले. सिनेटर डॉड यांनी जाहीर टीका केली, त्यांच्या स्वतःच्या संस्थेतील सहकारी अस्वस्थ झाले, देणगीदार कुरकुरू लागले. अध्यक्ष जॉन्सन यांनी ६ ऑगस्ट रोजी मतदानाच्या हक्काचा कायदा नुकताच संमत केला होता. अशा अध्यक्षाला दुखवून आपल्याच लोकांचे नुकसान करायचे काय? पाळकाने परराष्ट्रव्यवहारात का पडावे? हे प्रश्न मूर्खपणाचे नव्हते. डॉ. किंग मागे सरले. युद्धाविषयीचा त्यांचा आवाज सुमारे दीड वर्ष मंदावला.

वाचकहो, थोरांची चरित्रे लिहिताना असा काळ झाकण्याचा आपल्याला मोह होतो. मी तो झाकत नाही. पवित्र शास्त्रानेही संदेष्ट्यांचे कचरणे झाकलेले नाही.

घरात मात्र एक आवाज मंदावला नव्हता. कोरेटाबाई विद्यार्थिदशेपासून शांततेच्या चळवळीत होत्या. १९६२ साली त्या जिनिव्हा येथील निःशस्त्रीकरणाच्या परिषदेस स्त्रियांच्या शिष्टमंडळाबरोबर गेल्या होत्या. १९६५ च्या नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनमध्ये युद्धविरोधी मोर्चा निघाला, तेव्हा पती बोलत नसताना पत्नी तेथे बोलली. आपल्याकडे पाळकीणबाईंच्या सेवेचा उल्लेख बहुधा आभारप्रदर्शनात येतो. या घरात पाळकीणबाई दोन पावले पुढे चालत होत्या, आणि पाळक ते जाणून होते.

विद्यार्थीही पुढे गेले होते. ३ जानेवारी १९६६ रोजी टस्कीगी येथील सॅमी यंग हा कृष्णवर्णीय विद्यार्थी, जो नौदलात सेवा करून आला होता, केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या शौचालयाच्या वादातून गोळी घालून मारला गेला. तीन दिवसांनी विद्यार्थी संघटनेने युद्धाविरुद्ध निवेदन काढले. ज्याला स्वतःच्या गावात सुरक्षितता नाही, त्याने दुसऱ्या देशात कोणते स्वातंत्र्य न्यावे, असा त्याचा आशय होता. या निवेदनास पाठिंबा दिला म्हणून ज्युलियन बाँड या तरुणास जॉर्जियाच्या विधिमंडळाने निवडून येऊनही जागा नाकारली. डॉ. किंग बाँड यांच्या बाजूने उभे राहिले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात व्हिएतनाममधील बौद्ध भिक्षू थिक न्हात हान्ह कॉर्नेल विद्यापीठाच्या निमंत्रणावरून अमेरिकेत आले, व शिकागोत डॉ. किंग यांना भेटले. पुढच्या जानेवारीत डॉ. किंग यांनी नोबेल शांतता पारितोषिकासाठी या भिक्षूचे नाव सुचवले.

त्याच जानेवारीत, म्हणजे १९६७ साली, प्रवासात असताना त्यांच्या हाती एक मासिक आले. त्यात बॉम्बने होरपळलेल्या व्हिएतनामी मुलांची छायाचित्रे होती. ती पाहिल्यावर त्यांनी समोरचे जेवण दूर सारले. ११ फेब्रुवारी रोजी वृद्ध मस्टी वारले. मरणापूर्वी काही आठवडे ते ब्याऐंशी वर्षांचे वय घेऊन हनोईला जाऊन आले होते, आणि न्यूयॉर्कमध्ये एप्रिलात व्हावयाच्या विराट मोर्चाची तयारी करीत होते. अठरा वर्षांपूर्वी ज्याने त्यांच्याशी वाद घातला, तोच आता त्या मोर्चाच्या अग्रभागी चालणार होता.

४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये सुमारे तीन हजार लोकांपुढे डॉ. किंग बोलले. या भाषणाचा मसुदा करण्यात अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजातील इतिहासाचे प्राध्यापक व्हिन्सेंट हार्डिंग यांचा मोठा वाटा होता. स्वतःच्या मौनाचा उल्लेख त्यांनी केला. गरिबांसाठी मोठ्या मुश्किलीने मंजूर झालेला पैसा युद्धाने गिळला, हे त्यांनी सांगितले. उत्तरेकडील वस्त्यांत जाऊन मी संतप्त तरुणांना बॉम्ब आणि बंदूक सोडा असे सांगतो, तेव्हा ते मला विचारतात की, आपला देश व्हिएतनाममध्ये काय करतो आहे? या प्रश्नाला आपल्याजवळ उत्तर नव्हते, अशी कबुली त्यांनी दिली. मग आपल्याच सरकारला त्यांनी इतक्या कठोर शब्दांत जबाबदार धरले की, तसे त्यांनी पूर्वी कधी केले नव्हते.

तरुणांविषयी त्या भाषणात जे होते, ते विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. त्यांनी केवळ युद्धाचा निषेध करा असे सांगितले नाही. या युद्धास जे अन्याय्य मानतात त्यांनी सद्सद्विवेकबुद्धीस स्मरून सैन्यसेवेस नकार द्यावा, अशी शिफारस त्यांनी केली, आणि आपल्या मोरहाउस कॉलेजातील सत्तरहून अधिक विद्यार्थ्यांनी हाच मार्ग निवडला असल्याचे अभिमानाने सांगितले. त्याहून पुढे जाऊन, पाळक असल्यामुळे ज्यांना भरतीतून आपोआप सूट मिळते अशा तरुण पाळकांनीही ती सवलत सोडावी व नकार देणाऱ्यांच्या रांगेत उभे राहावे, असे त्यांनी सुचवले. सवलतीच्या आडोशाला उभे राहून दुसऱ्याला धैर्याचा उपदेश करू नये, हा त्यामागचा भाव.

भाषांतराचे काम करणाऱ्याला एक खोड असते, ती येथे क्षमा करावी. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील नवव्या वचनात शांती करणाऱ्यांसाठी जो ग्रीक शब्द आहे, तो संपूर्ण नव्या करारात या एकाच ठिकाणी येतो. त्याचे दोन भाग आहेत, शांती आणि करणे. शांत स्वभावाचा, भांडण टाळणारा, असा त्याचा अर्थ होत नाही. घर बांधणारा जसे घर बांधतो, तसे शांतीचे काम हातांनी करणारा, असे त्यात आहे. मराठीत या शब्दाची चर्चा करताना आमच्या बैठकीत एकदा दुपार सरली होती, आणि मला राहून राहून रिव्हरसाइड चर्चमधील त्या पाळकाची आठवण येत होती.

दुसऱ्या दिवसापासून वादळ उठले. मोठमोठ्या वृत्तपत्रांनी त्यांच्यावर टीकेचे अग्रलेख लिहिले. कृष्णवर्णीयांच्या सर्वांत जुन्या संघटनेने, हक्कांची चळवळ व शांततेची चळवळ एकत्र करणे ही चूक आहे असा ठराव केला. व्हाइट हाउसचे दार बंद झाले. देणग्या आटल्या. ज्यांना शत्रू म्हणता येत नाही अशा माणसांनी पाठ फिरवणे हे शत्रूच्या दगडांहून अधिक लागते.

विद्यापीठे मात्र त्यांना बोलावीत होती. १४ एप्रिल रोजी ते स्टॅनफर्ड विद्यापीठात गरिबीविषयी बोलले. दुसऱ्या दिवशी ते न्यूयॉर्कमध्ये सेंट्रल पार्कपासून संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीपर्यंत निघालेल्या मोर्चात होते. लाखाहून अधिक लोक जमले होते. त्या सकाळी कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने कित्येक तरुणांनी आपली भरतीची ओळखपत्रे जाळली. डॉ. किंग मोर्चाच्या अग्रभागी होते, पत्रे जाळण्यात ते सामील झाले नाहीत.

२३ एप्रिल रोजी ते बालरोगतज्ज्ञ डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्यासह केंब्रिज येथे गेले. मिसिसिपीच्या उन्हाळ्याच्या धर्तीवर विद्यार्थ्यांनी या उन्हाळ्यात घरोघरी जाऊन युद्धाविषयी लोकांशी बोलावे, अशी योजना जाहीर करावयाची होती. वार्ताहर परिषदेसाठी हार्वर्ड विद्यापीठाने आपली जागा दिली नाही. तेव्हा जवळच असलेल्या क्राइस्ट चर्चच्या पाळकांनी आपल्या मंडळीची दारे उघडली. इतर वेळी आपण ऐकतो ते याच्या उलट असते, की चर्चने दार लावले आणि विद्यापीठाने उघडले. म्हणून ही छोटी गोष्ट मला मोलाची वाटते.

मग मिनेसोटा, आणि १७ मे रोजी बर्कली. स्प्राउल हॉलच्या त्याच पायऱ्या, तेच पटांगण, हजारो विद्यार्थी. डॉ. किंग यांनी डॉ. स्पॉक यांना जोडीला घेऊन राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवावी, असा त्या वसंत ऋतूत अनेकांचा आग्रह होता. तो त्यांनी नाकारला होता. बर्कलीत त्यांनी वंशभेद, दारिद्र्य आणि युद्ध ही तीन दुखणी एकाच मुळाची आहेत हे समजावून सांगितले, आणि युद्धाच्या प्रश्नावर देशाचा विवेक जागा ठेवण्याचे श्रेय विद्यार्थ्यांना दिले. श्रोत्यांत असेही होते की ज्यांना त्यांची अहिंसा आता जुनाट वाटू लागली होती. आवारांतील भाषा त्या वर्षी कडक होत चालली होती. डॉ. किंग यांनी टाळ्यांसाठी आपली भाषा बदलली नाही. माझ्या मते, अध्यक्षांपुढे न झुकण्यापेक्षा आपल्यावर प्रेम करणाऱ्या तरुणांपुढे न झुकणे अधिक कठीण असते. ही कसोटी त्यांना त्या दिवसांत आवारा-आवारात द्यावी लागली.

नोव्हेंबरमध्ये ते इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाची सन्माननीय पदवी स्वीकारण्यास एक दिवसासाठी गेले, आणि तेथेही याच तीन दुखण्यांविषयी बोलले. १४ जानेवारी १९६८ रोजी, एकोणचाळिसावा वाढदिवस दुसऱ्या दिवसावर आला असताना, ते कॅलिफोर्नियातील सांता रीटा तुरुंगात गेले. ओकलंड येथील भरती केंद्राच्या दारात बसून सत्याग्रह करणारे लोक तेथे शिक्षा भोगत होते. त्यांत गायिका जोन बाएझ होत्या, त्यांच्या आई होत्या. तुरुंगाबाहेर जमलेल्या लोकांशी ते बोलले. या लोकांनी आमच्या चळवळीला साथ दिली होती, आता आम्ही त्यांना साथ देण्यास आलो आहोत, असे त्यांच्या बोलण्याचे सूत्र होते.

४ एप्रिल १९६८ रोजी, रिव्हरसाइडच्या भाषणास बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, मेम्फिस शहरात त्यांची हत्या झाली. तेथे ते सफाई कामगारांच्या संपास पाठिंबा देण्यास गेले होते.

अंत्यविधी ९ एप्रिल रोजी झाला. एबेनेझर मंडळीतील उपासनेनंतर शवपेटी दोन खेचरे जुंपलेल्या साध्या गाडीवर ठेवून अटलांटाच्या रस्त्यांनी मोरहाउस कॉलेजच्या आवारात आणली गेली. तेथे डॉ. मेज यांनी श्रद्धांजलीचे भाषण केले. आपल्यापेक्षा चौतीस वर्षांनी लहान शिष्यावर बोलण्याची वेळ गुरूवर आली होती.

तीन आठवड्यांच्या आत, २७ एप्रिल रोजी, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये युद्धविरोधी सभा होती. तेथे डॉ. किंग बोलणार होते. त्यांच्या खिशात काही टिपणे सापडली होती, व्हिएतनामविषयी दहा आज्ञांच्या स्वरूपात लिहिलेली. ती टिपणे घेऊन कोरेटाबाई सभेस गेल्या आणि त्यांनी ती वाचून दाखवली.

आणखी एक निमंत्रण शिल्लक होते. हार्वर्ड विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी पदवीदानाच्या सोहळ्यातील आपल्या दिवसासाठी डॉ. किंग यांना वक्ते म्हणून बोलावले होते. ज्या विद्यापीठाने वर्षापूर्वी त्यांना वार्ताहरांशी बोलावयास जागा दिली नव्हती, त्याच विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे हे बोलावणे. ते निमंत्रण कोरेटाबाईंनी स्वीकारले. जून महिन्यात पदवीधरांपुढे त्या उभ्या राहिल्या. त्या प्रसंगी बोलणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत. त्या तरुणांतील कित्येकांची भरतीची सवलत त्याच आठवड्यात संपत होती.